जामूवाली आली हो!

मैत्रिणींनो, सकाळी तुमच्या दारावर कोण कोण येतं? दूधवाला, पेपरवाला, एखादी भाजीवाली. इंडोनेशियातल्या जावा बेटावर यांच्या जोडीला आणखी एकजण येते. अंगात कबाया नावाचा पोलका, कमरेला नक्षीचं बाटिक लुगडं, आणि पाठीवर कापडाच्या झोळीत घट्ट बांधलेली वेताची टोपली. टोपलीत सात-आठ बाटल्या. कुठली पिवळीजर्द, कुठली दुधट, कुठली काळपट हिरवी. ही जामूवाली. ‘जामू’ म्हणजे मुळ्या, पानं, साली, बिया कुटून-उकळून केलेलं घरगुती पेय. दारातल्या बाईला ती विचारते, आज काय होतंय? पाठ दुखतेय, की भूक लागत नाही, की घरात बाळंतीण आहे? मग त्या बेताने दोन-तीन बाटल्यांतलं थोडं थोडं पेल्यात ओतून देते. कडू असेल तर वरून घोटभर गोड देते, अगदी आपण काढ्यावर गुळाचा खडा देतो तसं!

आता कितीतरी जामूवाल्या सायकलवरून नाहीतर स्कूटरवरून फिरतात, पण बाटल्या त्याच. मध्य जावातल्या सुकोहार्जो भागातल्या बायका या धंद्यासाठी प्रसिद्ध आहेत. पहाटे उठून वाटायचं, उकळायचं, गाळायचं आणि उजाडलं की निघायचं. त्यावर मुलांची शिक्षणं केलेल्या कितीतरी आया तिथे सापडतील. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने ‘जामू’च्या या परंपरेला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पाटा-वरवंट्याशी आयुष्य काढलेल्या बायकांचा हा मानच म्हणायचा.

परदेशी जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हॉटेलातलं ‘चायनीज’ येतं. पण जावातलं घरचं जेवण पाहिलं की वाटतं, अरे, ही तर आपल्या कोकणातली चुलत बहीण!

नाती ओळखीची

तिथला मुख्य घास भाताचा. खोबऱ्याचं दूध, चिंच, ओली हळद, आलं, धने, मिरची, गूळ ही सगळी मंडळी स्वयंपाकात हजर. गूळ मात्र उसाचा नव्हे, नारळाच्या नाहीतर ताडाच्या रसाचा. आपण चहात घालतो तो गवती चहा तिथे ठेचून रश्शात घालतात. त्यांची ‘बायाम’ म्हणजे आपला माठ आणि ‘कांगकुंग’ म्हणजे आपली नाळीची भाजी. शेवगा, केळफूल, बिंबलं सगळं आहे. योग्याकार्ता शहराची खासियत असलेलं ‘गुडेग’ म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. ती खोबऱ्याच्या दुधात आणि गुळात मंद आचेवर तासन् तास शिजवतात. त्यात सागाची पानं टाकली की तिला तांबूस-तपकिरी रंग चढतो. आणि ‘क्लेपोन’ ऐकाल तर हसाल. चिकट तांदळाच्या पिठाची गोळी, आत गुळाचा खडा, पाण्यात उकळायची आणि ओल्या खोबऱ्यात घोळवायची. म्हणजे सारण बाहेर राहिलेला उकडीचा मोदकच की!

शब्दसुद्धा ओळखीचे. तिथली बहुसंख्य माणसं मुसलमान आहेत, पण जुन्या काळी संस्कृतातून गेलेले शब्द भाषेत मुरून राहिले आहेत. चवीला ‘रासा’ म्हणतात, मिऱ्याला ‘मेरिचा’, व्हिनेगरला ‘चुका’, उपवासाला ‘पुआसा’. नवरा ‘सुआमी’ आणि बायको ‘इस्त्री’! आपल्याकडे इस्त्री कपड्यांवर फिरते, तिथे ती घर चालवते.

पाटा-वरवंटाही आहे, पण जरा निराळा. ‘चोबेक’ ही दगडाची उथळ बशी आणि ‘उलेकान’ हा वाकड्या मुठीचा लहानसा बत्ता. त्यावर मिरची, लसूण, मीठ आणि ‘तेरासी’ म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी रगडली की ‘सांबल’ तयार. आपल्या ठेच्याशिवाय जशी भाकरी जात नाही, तसं त्यांना सांबलाशिवाय जेवण गोड लागत नाही. शिळ्या भाताचा जसा आपण फोडणीचा भात करतो, तसा त्यांचा ‘नासी गोरेंग’. लसूण-मिरचीच्या वाटणावर परतलेला उरलेला भात, वर गोडसर सोयासॉस. हॉटेलात त्याला केवढा भाव, पण मूळचा तो सकाळच्या घाईतला गृहिणीचा तोडगाच आहे.

सोयाबीन आपलं, युक्ती त्यांची

आता कामाची गोष्ट सांगते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. जिना चढताना धाप लागणं, दुपारी अंग गळून जाणं, केस गळणं हे ‘वयामुळे होतं’ म्हणून आपण सोडून देतो. दुसरी उणीव प्रथिनांची. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या हिशेबाने ५५ किलो वजनाच्या बाईला रोज साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. पोळी-भाजी, आमटीचं पाणी आणि चहा-बिस्किटं यांवर दिवस काढणारीला ती कुठून मिळणार?

इथे जावाच्या गृहिणीची एक युक्ती पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे ‘टेम्पे’. सोयाबीन भिजवायचं, सालं काढायची, शिजवायचं, कोरडं करायचं आणि कोमट झालं की त्याला र्‍हायझोपस नावाच्या बुरशीचं विरजण लावायचं. केळीच्या पानात गुंडाळून उबदार जागी ठेवलं की दीड-दोन दिवसांत पांढरीशुभ्र, मऊ लव दाण्यादाण्यांतून फिरते आणि सगळ्याची घट्ट वडी बनते. तिचे काप करून तळतात, परततात, रश्शात घालतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘सेरात चेंथिनी’ या जावानी ग्रंथात टेम्पेचा उल्लेख आहे, म्हणजे युक्ती दोनशे वर्षांपेक्षा जुनी.

१०० ग्रॅम टेम्पेत १९–२० ग्रॅम प्रथिनं असतात. शिवाय आंबवल्यामुळे सोयाबीन पचायला हलकं होतं आणि त्यातलं लोह-जस्त अंगी लागायला आड येणारं द्रव्य कमी होतं. आपण इडली-ढोकळ्याचं पीठ आंबवतो त्याच जातीचं हे शहाणपण. मात्र ‘ब-१२’ जीवनसत्त्वासाठी टेम्पेवर विसंबू नका. शाकाहारी असाल तर दूध-दही घ्या, आणि तपासणीत कमी निघालं तर डॉक्टर देतील ती गोळी घ्या.

गंमत बघा. टेम्पे खाणाऱ्या इंडोनेशियाला बहुतेक सोयाबीन बाहेरून, मुख्यतः अमेरिकेतून, आणावं लागतं. जानेवारी २००८ मध्ये सोयाबीनचे भाव इतके भडकले की टेम्पे करणारे कारागीर जाकार्तात रस्त्यावर उतरले. आणि आपण? मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र हे देशातलं सोयाबीनचं मोठं राज्य. लातूर, विदर्भ इथल्या बाजारात पोत्यांचे ढीग लागतात. पण आपल्या ताटात त्याचं तेल येतं आणि पेंड जाते जनावरांना. माल आपल्या दारात आहे, खायची रीत मात्र समुद्रापलीकडे!

मोठ्या शहरांत आता तयार टेम्पे मिळू लागलं आहे. घरी करायचं असेल तर तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक, विरजण विश्वासाच्या ठिकाणाहून आणलेलंच वापरा. ‘आपोआप बुरशी येईल’ म्हणून ठेवून देऊ नका. दोन, वडी पांढरी असावी, क्वचित राखी-काळे ठिपके चालतात. पण गुलाबी, हिरवट, बुळबुळीत किंवा दुर्गंधी असेल तर हळहळ न करता फेकून द्या. तीन, नारळाचा चोथा मिसळून हा प्रकार कधीही करू नका. जावातल्या बान्युमास भागात खोबऱ्याच्या चोथ्याचं ‘टेम्पे बोंगक्रेक’ खाऊन विषबाधेने अनेक माणसं दगावली आणि शेवटी सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. टेम्पे कच्चं खाऊ नये, शिजवूनच खावं.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्या मैत्रिणींनी आणखी एक जपावं. सोयाबीनमुळे ती गोळी नीट अंगी लागत नाही. तेव्हा गोळी आणि सोयाबीनचा पदार्थ यांत किती तासांचं अंतर हवं, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

गादो-गादो : दाण्याच्या चटणीतली भाजी

आपल्या घरात दाण्याचं कूट नाही असा दिवस नसतो. जावातही शेंगदाण्यावाचून पान हलत नाही. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो तिथेही पाहुणा आणि इथेही. पण दोन्ही घरी जावई होऊन राहिला! ‘गादो-गादो’ हे घरातही होतं आणि गाडीवरही मिळतं. चौघांसाठी प्रमाण देते.

साहित्य : दीड वाटी शेंगदाणे, ३–४ सुक्या लाल मिरच्या (गरम पाण्यात भिजवलेल्या), ४ लसूण पाकळ्या, २ चमचे चिंचेचा घट्ट कोळ, २ चमचे गूळ, चवीला मीठ, अर्धं लिंबू. भाज्यांसाठी : २ वाट्या चिरलेला कोबी, १५–२० चवळीच्या शेंगा, १ वाटी मोड आलेले मूग, माठाची एक जुडी, २ उकडलेले बटाटे, १ काकडी. शिवाय २०० ग्रॅम टेम्पे किंवा पनीर. खात असाल तर उकडलेली अंडी.

कृती : शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून सालं पाखडावीत. मिरची, लसूण, मीठ बारीक वाटून त्यातच दाणे घालून जाडसर वाटावे. कढईत हे वाटण, चिंच, गूळ आणि वाटी-दीड वाटी पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. चमच्याच्या पाठीला चिकटेल इतके दाट झाले की उतरवून लिंबू पिळावे. भाज्या निरनिराळ्या, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटेच काढाव्यात, करकरीतपणा राहिला पाहिजे. मुगाला मात्र पाच मिनिटे द्यावीत. टेम्पेचे काप हळद-मिठाच्या पाण्यात भिजवून तव्यावर थोड्या तेलात परतावेत. ताटात भाज्या मांडून वर चटणी ओतावी आणि पापड चुरून टाकावा. तिथे ‘क्रुपुक’ घालतात, आपला पोह्याचा पापड छान लागतो.

भाज्या उकळलेलं पाणी फेकू नका, आमटीला वापरा. चटणी जड आहे, तेव्हा ती वाटीभर नव्हे, डावभरच घ्या. आणि वर लिंबू विसरू नका. माठातलं लोह लिंबामुळे चांगलं अंगी लागतं, तर जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. चहा तासभर पुढे ढकला. या एका सवयीला पैसा पडत नाही.

हळद-चिंचेचं सरबत

जामूवालीच्या टोपलीत सर्वांत जास्त खपणारं पेय म्हणजे ‘कुन्यित असेम’, हळद आणि चिंच. तिथल्या मुली पाळीच्या दिवसांत ते आवडीने पितात आणि बरं वाटतं म्हणून सांगतात. दुसरं ‘बेरास केंचुर’, म्हणजे भिजवलेले तांदूळ आणि आल्या-हळदीच्या कुळातली केंचुर नावाची सुवासिक मुळी वाटून केलेलं दुधट पेय. कडू काढ्यात आपल्याकडचा भुईनिंब असतो. बाळंतिणीला दूध यावं म्हणून निराळा काढा आणि पोट बांधायला लांब पट्टा. आपली अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आठवली ना?

कुन्यित असेमची कृती : १०० ग्रॅम ओली हळद स्वच्छ घासून धुवावी, चकत्या करून थोड्या पाण्यात वाटावी व फडक्याने गाळावी. त्यात ५० ग्रॅम चिंच, १०० ग्रॅम गूळ, चिमूटभर मीठ आणि एकूण एक लिटर होईल इतके पाणी घालून दहा मिनिटे उकळावे. गार झाले की गाळून काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे. दोन-तीन दिवसांत संपवावे. लहान पेलाभर पुरे.

जानेवारी ते मार्चमध्ये बाजारात ओली हळद छान मिळते, तेव्हा करून पाहा. वाटताना हाताला तेल लावा आणि ठेवणीतलं फडकं गाळायला घेऊ नका, डाग कायमचा! स्टीलचं पातेलं वापरा.

पण हे पेय आहे, औषध नव्हे. मधुमेह असेल तर त्यातला गूळ चालणार नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका. पाळीत अंगावरून फार जात असेल तर हळदीवर भागवू नका, तपासून घ्या. आणि तयार पुड्यांपासून सावध. ‘जामू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत वेदनाशामक औषधं गुपचूप मिसळल्याचं इंडोनेशियाच्या औषध-नियंत्रण खात्याला वेळोवेळी सापडलं आहे. आपल्याकडेही ‘गुडघेदुखीवर रामबाण’ चूर्ण घेऊन दोन दिवसांत जादू झाली, तर जादूवर नव्हे, चूर्णावर संशय घ्या.

गाडीवरचं खाणं

जावाच्या रस्त्यावरही आपल्यासारख्या हातगाड्या. त्यांना ‘काकी लिमा’ म्हणतात, म्हणजे पाच पाय. प्रत्येकाची खूण निराळी. कोणी वाडग्यावर चमचा वाजवतो, कोणी कढईवर ‘तेक-तेक’ करतो. ‘पुतू’वाल्याची तर वाफच शिट्टी घालते. बांबूच्या नळीत तांदळाचं पीठ आणि गूळ भरून तो वाफवतो. ती शिट्टी ऐकली की पोरं आईच्या मागे लागतात. आपल्याकडे कुल्फीवाल्याच्या घंटेने होतं तसंच.

सगळंच काही गुणाचं नाही बरं का. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी, साखरेने काठोकाठ गोड केलेला चहा आणि डोंगराएवढा पांढरा भात हे तिथेही वजन आणि मधुमेह वाढवतात. घ्यायचं ते निवडून घ्यावं. भाजी उकडण्याची, वाफवण्याची रीत घ्यावी, तळण तिथेच ठेवावं.

शेजारच्या सिंगापूरने गाड्यांचा प्रश्न चांगला सोडवला. तिथे १९७०च्या दशकापासून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रस्त्यावरचे खाद्यविक्रेते छपराखाली, नळ आणि गटाराची सोय असलेल्या बाजारांत बसवले. धंदा टिकला, चव टिकली आणि स्वच्छताही आली. २०२० मध्ये या खाद्यबाजारांनाही युनेस्कोचा मान मिळाला. आपल्या नगरपालिकांनी भेळवाल्याला हाकलण्याऐवजी एक नळ दिला तर आपल्याच मुलांचं पोट सांभाळलं जाईल. महिला मंडळाने निवेदन द्यावं असाच हा विषय आहे. तोवर गाडीवर उकळतं गरम तेवढंच खावं, कापून ठेवलेली फळं आणि बर्फ टाळावा.

झाकणाखालचं जेवण

शेवटी एक रीत सांगते, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. जावातल्या कितीतरी घरांत सकाळीच भात, एक रस्सा, एक भाजी, टेम्पे आणि सांबल करून टेबलावर मांडतात आणि वर वेताचं नाहीतर जाळीचं मोठं झाकण घालतात. ज्याला जेव्हा भूक लागेल त्याने आपलं ताट वाढून घ्यायचं. बाई दुपारभर पोळ्या लाटत आणि वाढत उभी राहत नाही. तिलाही भूक लागली की ती जेवते.

आपल्याकडे हे जसंच्या तसं जमणार नाही. गरम पोळीची सवय आहे, उन्हाळ्यात अन्न फार वेळ बाहेर ठेवणंही बरं नाही. पण आठवड्यातून दोन दिवस तरी एकाच ताटाचं जेवण करून पाहा. गादो-गादो करा, नाहीतर माठाच्या पातळ भाजीत मक्याचे दाणे घालून भात करा. मुलांना आपापलं वाढून घ्यायला लावा. आणि सगळ्यांची ताटं मांडताना सहावं असो की चौथं, आपलंही त्याच वेळी मांडा. मुगाची उसळ तळाशी उरेल तेवढी आपली, मधला काप मुलाचा आणि कड आपली, हा हिशेब आधी मोडा. नाहीतर टेम्पे येईल, लिंबू येईल, माठ येईल, आणि अंगात रक्त मात्र घरातल्या बाकीच्यांच्याच वाढेल!